लॅमिंग्टन रोड ते लॅमिंग्टनचं जंगल

मुंबईत इंजिनिअरिंग करून ज्याला लॅमिंग्टन रोड माहीत नाही त्याची डिग्री परत घ्यावी, असं माझं प्रामाणिक मत आहे. प्रोजेक्टचे रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, जुना मॉनिटर, सगळं तिथलं. रस्त्याचं नाव कधीच बदलून डॉ. भडकमकर मार्ग झालं, पण आमच्या तोंडी लॅमिंग्टनच. हे लॅमिंग्टनसाहेब कोण, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो पडला २००३ साली ब्रिस्बेनमध्ये, युनिव्हर्सिटीच्या नोटीस बोर्डासमोर. तिथे लिहिलं होतं: लॅमिंग्टन नॅशनल पार्क, शनिवार-रविवार, रानात मुक्काम, नवख्यांचं स्वागत.

साहेब एकच निघाले. १८९६ ते १९०१ क्वीन्सलंडचे गव्हर्नर आणि १९०३ ते १९०७ मुंबईचे! इथे त्यांच्या नावाचं जंगल आहे, आणि लॅमिंग्टन नावाचा खोबऱ्याचा कीस लावलेला केकही आहे. (१९४० साली उधमसिंगांनी लंडनमध्ये ओडवायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा हेच लॅमिंग्टन जखमी झाले होते. माणूस कुठे कुठे भेटतो बघा.)

तर मंडळी, मी नाव दिलं. शनिवारी एका हॉटेलात भांडी घासायचं माझं काम होतं. ती पाळी सोडणं म्हणजे आठवड्याचा किराणा सोडणं. पण तीन महिने खोली, लॅब आणि ते सिंक यापलीकडे ऑस्ट्रेलिया पाहिला नव्हता. घरी सांगितलं नाही. बाबांनी शिक्षणाच्या कर्जासाठी राहतं घर तारण ठेवलं होतं. त्यांना "पोरगा जंगलात मजा करतोय" हे कसं सांगणार?

ब्रिस्बेनहून गाडीने दोन तास, शेवटचा रस्ता आपल्या आंबेनळी घाटाची आठवण करून देणारा. वर गाडी सोडली आणि सॅक पाठीवर टाकून चालायला लागलो. आम्ही आठजण. मी मनातून जरा तोऱ्यात होतो. राजगड-तोरणा केलेला माणूस मी, या नऊशे-हजार मीटरच्या डोंगराचं काय घेऊन बसलात! पहिल्या तासातच कळलं की हा प्रकार निराळा आहे. सह्याद्रीत तुम्ही धारेवर येता, समोर किल्ला दिसतो, खाली गाव दिसतं. इथे काहीच दिसत नाही. वर पानांचं छत, खाली मुळं आणि शेवाळ, मध्ये हिरवा अंधार. वरच्या अंगाला धुक्यात अंटार्क्टिक बीचची जुनाट झाडं, एकेका बुंध्यातून पाच-सहा खोडं फुटलेली. ऑस्ट्रेलिया अंटार्क्टिकाला चिकटलेला होता त्या काळापासून चालत आलेलं हे कूळ. या रानांचा जो जागतिक वारसा आहे त्याला २००७ पासून 'गोंडवाना' नाव आहे, आणि ते नाव आलंय आपल्या गोंडांच्या मुलखावरून. पण ते पुढचं. त्या दिवशी मी पायाखाली बघण्यात गुंतलो होतो.

आमचा लीडर पीएचडी करणारा इथलाच मुलगा. वाटेत त्याने एक झाड दाखवलं, पानं हृदयाच्या आकाराची, दिसायला लुसलुशीत. "याला हात लावायचा नाही." याचं नाव स्टिंगिंग ट्री. पानांवरचे काचेसारखे केस कातडीत मोडतात आणि दुखणं कधी कधी महिनोन्‌महिने परत परत येतं. (त्याचं विष कोळ्याच्या विषासारखं असतं, हे क्वीन्सलंडच्याच संशोधकांनी २०२० साली शोधून काढलं.) आपली खाजकुयली त्यापुढे अगदीच घरगुती.

जेवताना त्याने दुसरी गोष्ट सांगितली. १९ फेब्रुवारी १९३७ ला ब्रिस्बेनहून सिडनीला निघालेलं स्टिन्सन विमान याच डोंगरात कोसळलं. सातांपैकी तिघे वाचले. प्राउडचा पाय मोडलेला, बिनस्टेड त्याच्यासाठी दरीतून पाणी आणायचा. तिसरा वेस्ट्रे मदत आणायला निघाला, घसरून पडला आणि ओढ्याकाठी मेला. शोध बराचसा सिडनीच्या बाजूला चालला होता. इथल्या बर्नार्ड ओरायलीला मात्र वाटलं की विमान आपल्याच डोंगरात असणार. तो एकटा निघाला, दूरच्या धारेवर त्याला एक जळकं झाड दिसलं, आणि दहाव्या दिवशी त्याच्या हाकेला दोघांनी ओ दिली. "तेव्हा चुकलात तर बसून राहा," लीडर म्हणाला. मी मान डोलावली. आम्ही कशाला चुकतोय!

साडेतीनला मी दोन बाटल्या घेऊन ओढ्यावर गेलो. दीडशे मीटर असेल. परत येताना पायवाट एका पडक्या झाडापाशी संपली. मी इंजिनिअरिंग डोकं लावलं: कॅम्प ओढ्याच्या नैऋत्येला, दुपारचं ऊन नैऋत्येकडून, म्हणजे ऊन समोर ठेवून चालायचं. हिवाळी ट्रेकमध्ये हेच करायचो. फक्त हा मे महिना होता, आणि मी विषुववृत्ताच्या खाली होतो. इथे सूर्य उत्तरेकडे असतो. वीस मिनिटं मी अगदी पद्धतशीरपणे वायव्येला चाललो.

वेताच्या काटेरी वेलीने शर्ट धरला (तिचं इथलं नाव 'वेट-अ-व्हाइल', म्हणजे जरा थांब), तेव्हा चूक लक्षात आली. तोवर ऊन गेलं होतं. ब्रिस्बेनला मे महिन्यात पाचला सूर्य मावळतो, रानात त्याच्याही आधी काळोख होतो. टॉर्च तंबूत. ओरडलो, "हॅलो", "हेल्प", मग "अरे कोणी आहे का" सुद्धा. आणि पळावंसं वाटायला लागलं. खरं सांगतो, पाय आपोआप निघाले होते. थांबलो ते वेस्ट्रेमुळे नव्हे, त्या हृदयाच्या पानांमुळे. अंधारात चाचपडणार कशाला? हाताला काय लागेल याचा नेम नाही.

एका घळीच्या तोंडाशी सॅकशिवाय, स्वेटरशिवाय बसलो. पाणी तेवढं दोन बाटल्या भरून होतं. डोक्यात काय चाललं होतं म्हणाल तर हिशोब. कर्ज सात लाख, व्याज सुरू, मी मेलो तर हप्ता कोण भरणार आणि घराचं काय होणार. देवाचं नावही घेतलं, पण हप्त्यानंतर.

पूर्ण अंधार झाल्यावर समोर निळसर ठिपके दिसले. टॉर्च! म्हणून उठलोही. पण ते हलेनात. काजवेही नव्हते. भंडारदऱ्याचा काजवा लुकलुकतो, हे नुसते टक लावून बसलेले. ओल्या मातीच्या भिंतीवर ग्लोवर्म नावाच्या किड्याच्या अळ्या होत्या, चिकट धागे सोडून भक्ष्याची वाट बघत. तेव्हा हे माहीत नव्हतं. मी परत बसलो.

मग लांबून आवाज आला, "कूऽऽई". ही इथल्या मूळ रहिवाशांची हाक, आता साऱ्या देशाची झालेली. मी उत्तर दिलं. पुन्हा आला, पण दरीत घुमून भलत्याच बाजूने. त्या दिशेने धावायचा मोह आवरायला मला दोन्ही हातांनी झाडाचं मूळ धरून ठेवावं लागलं. पाऊण तासाने उजेड आला. मागून. लीडर रागावला नाही, आधी त्याने मला चॉकलेट दिलं आणि मग पिंडऱ्यांवरच्या जळवा मोजल्या. अकरा. कॅम्प तिथून तीनशे मीटरवर होता.

रविवारी रात्री ठरल्याप्रमाणे घरून फोन आला. आईने विचारलं, "शनिवार-रविवार काय केलंस रे?"

"काही नाही गं, कपडे धुतले."

त्यात खोटं काहीच नव्हतं. एवढा चिखल मी घाटातल्या पावसातही आणला नव्हता.