होहला पावसातच जावं

सिॲटलमधल्या आम्हा मराठी मंडळींचं कॅम्पिंग बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच उरकतं. इथला उन्हाळा कोरडा असतो. पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे-जूनपर्यंत रेंगाळतो. मे अखेरच्या लाँग वीकेंडला मोबाइलवर ढगाचं चित्र दिसलं की ठरलेल्या बेतातून एकेक कुटुंब गळायला लागतं. मला मात्र मनापासून वाटतं, की मुलांना ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातलं होहचं जंगल दाखवायचं तर पावसातच दाखवावं. ते जंगल पावसानंच घडवलंय.

यंदा आम्ही निघालो तेव्हा साताऱ्याहून आलेली माझी आईही बरोबर होती. फेरीबोटीनं बेनब्रिज बेटावर उतरायचं आणि पुढे 101 क्रमांकाचा हमरस्ता धरायचा. वाटेत स्क्विम गाव लागतं. तिथे लॅव्हेंडरची शेतं आहेत, लख्ख ऊन असतं आणि वर्षाला पाऊस पडतो जेमतेम 40 सेंटीमीटर. पोर्ट अँजेलिस मागे टाकून, लेक क्रेसेंटच्या काठाकाठानं फोर्क्स ओलांडून होह नदीच्या खोऱ्यात शिरलं, की हाच आकडा साडेतीन मीटरच्या घरात जातो. सरळ रेषेत या दोन जागांमध्ये शंभर किलोमीटरही अंतर नाही. प्रशांत महासागरावरून आलेले ढग ऑलिंपिक पर्वताला अडतात आणि पश्चिम उतारावरच रिते होतात. स्क्विम पलीकडे, पर्जन्यछायेत.

आईला हे समजावून सांगावंच लागलं नाही. तिचं माहेर पाटणकडचं, सासर माण तालुक्यातलं. “म्हणजे कोयना आणि दहिवडीच की!” ती म्हणाली. मग पुढचा सगळा रस्ता नातवंडांना इरलं म्हणजे काय, ते पाठीवर घेऊन भाताची लावणी कशी करतात, हे ऐकण्यात गेला.

पावसातलं कॅम्पिंग नीट पार पडतं ते तयारीमुळे. पोचल्यावर आधी ताडपत्री बांधायची, मग तिच्या आडोशाला तंबू उभारायचा. ताडपत्री एका बाजूला चांगली उतरती हवी, म्हणजे पाणी मध्ये साचत नाही आणि पागोळ्या तंबूपासून लांब पडतात. तंबूखालचं प्लास्टिक कडेनं आत दुमडायचं. ते बाहेर राहिलं तर पाणी त्यावरून थेट तंबूखाली येतं. जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवायचे, कारण ते भिजले की लवकर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. लोकरीचे मोजे आणि झोपायच्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायचा आणि काही झालं तरी रात्रीपर्यंत ती पिशवी उघडायची नाही. शेगडी कितीही थंडी वाजली तरी तंबूत पेटवायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. जेवण झालं की अन्न सगळं गाडीत.

ताडपत्रीखाली मऊ खिचडी शिजली, वर तूप, सोबत भाजलेले पापड. मग बदाम सात रंगला. घरी चारजण चार खोल्यांत पांगलेले असतात. इथे बाहेर धार लागलेली, कोरडी जागा एवढीच, मोबाइलला रेंज नाही. मुलं आजीला इतकं बोलती करताना मी घरी कधी पाहिली नव्हती.

सकाळी ‘हॉल ऑफ मॉसेस’ची पायवाट धरली. ती सव्वा किलोमीटरची, आजीलाही झेपणारी. एक आडवं पडलेलं खोड मुलीनं वाकून पाहिलं. शेवाळानं मढलेल्या त्या खोडावर हेमलॉकची बोटभर रोपं ओळीनं उगवली होती. खाली नेच्यांची आणि शेवाळाची इतकी दाटी असते, की बीला रुजायला जागा मिळत नाही. पडलेलं झाड ती जागा देतं. पुढे ते कुजून नाहीसं होतं आणि त्याला कवेत घेऊन वाढलेली झाडं मुळांच्या खांबांवर एका रांगेत उभी राहतात.

मेपलच्या फांद्यांवर शेवाळाचे जाड गालिचे लोंबतात. त्यात पालापाचोळा कुजून माती होते. झाड आपल्याच फांदीतून त्या मातीत मुळं सोडतं आणि तिथून पोषण घेतं. हे संशोधक नलिनी नाडकर्णी यांनी याच परिसरातल्या झाडांवर दोर लावून चढून शोधलं आणि 1981 साली प्रसिद्ध केलं. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत आलेले. मुलीनं ते आडनाव दोनदा विचारून घेतलं. उन्हाळ्यात हे शेवाळ सुकून तपकिरी, कुरकुरीत होतं. त्यात चाललेलं काम दिसतं ते ओलं असतानाच.

इथल्या पाण्याचं बळही मुलांनी जाणावं. 2024च्या डिसेंबरात होह नदीनं जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्याचाच लचका तोडला. तो पुन्हा खुला व्हायला 2025चा मे उजाडला. साठ मीटरांहून उंच झाडं वादळात कोसळतात तेव्हा त्यांच्याखाली तंबूत असू नये. हवामान वाचायचं ते यासाठी. पुराचा किंवा सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असेल तर बेत मुकाट्यानं रद्द करावा. नुसता पाऊस असेल तर ताडपत्री मोठी घ्यावी, मोज्यांचा एक जोड जास्त घ्यावा आणि निघावं.