पाच म्हणजे किती

बॉक्सिंगमध्ये मला काडीचा रस नाही. दोन धडधाकट माणसांनी एकमेकांचं नाक फोडायचं आणि तिसऱ्याने त्याचे गुण मोजायचे, हे मला आजवर पटलेलं नाही. तरी परवा सकाळी चहा पिताना क्रीडापानावरची एक ओळ वाचली आणि कप ओठाशीच थांबला. शेवटच्या फेरीतला निर्णायक पंच म्हणे पंचांच्या नजरेतून निसटला.

लिहिणाऱ्याला यात काही खटकलं नसावं. मलाही पहिल्यांदा वाचताना खटकलं नाही. पहिला पंच आगबोटीतून आलेला, दुसरा गावच्या पारावरचा. एकाच ओळीत, खांद्याला खांदा लावून उभे, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनीही नाही.

मला पहिला पंच भेटला तो मात्र ठोशाचा नव्हता, तिकिटाचा होता. आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एसटीचे एक कंडक्टर राहायचे. आम्ही पोरं त्यांना काका म्हणायचो, गाडीतले लोक मास्तर म्हणत. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पत्र्याची पेटी आणि त्या पेटीपेक्षा आम्हाला प्रिय असलेला तो पंच. चिमट्यासारखा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. गाडीत ते तो दांडीवर टकटक वाजवत पुढे सरकत, 'चला, तिकीट, तिकीट'. कुणी झोपेचं सोंग घेतलं की टकटक त्याच्या कानाशी. एका हाताने पेटीतून तिकीट फाडायचं, दुसऱ्याने बरोबर टप्प्याच्या आकड्यावर भोक पाडायचं, आणि हे सगळं घाटाच्या वळणावर, कशाला न धरता. त्यापुढे सर्कशीतला तारेवरचा माणूस मला कधीच फार थोर वाटला नाही.

रात्री ते कंदिलाशी वे-बिल लिहीत बसायचे. वाड्यात वीज होती, पण ऐन हिशेबाच्या वेळी ती हमखास जायची. दहा पैशांची चूक सापडेपर्यंत ते जेवत नसत, आणि म्हणून काकूही जेवत नसत. हिशेब जुळला की मग पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करायची. खाली पडायचे भोकांचे तुकडे. जोंधळ्याएवढे गोल, कुठल्या भाड्याचं तिकीट त्यावर रंग ठरलेला: गुलाबी, पिवळे, हिरवे. भोक तिकिटाबरोबर उतारूच्या खिशात गेलेलं, आणि भोकातून निघालेला कागद आमच्या वाट्याला. आम्ही ते काड्यापेटीत भरून ठेवायचो आणि बाहुलीच्या लग्नात अक्षता म्हणून उधळायचो. खऱ्या तांदळाला घरातून परवानगी नव्हती. माझ्या बाहुलीचं लग्न अशा रीतीने कऱ्हाड, उंब्रज, पाटण अशा कितीतरी गावांना गेलेल्या माणसांच्या साक्षीने लागलं. नवरामुलगा शेजारच्या घरचा होता आणि त्याला एक पाय नव्हता, पण तो विषय वेगळा.

याच काकांना एकदा पोलिसांनी रस्त्यात थांबवून एका सायकलचोरीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायला लावली. सही करायला दोन मिनिटं लागली असतील. पुढे दोन वर्षं कोर्टाच्या तारखा चालल्या. ड्युटी बदलून घ्या, रजा टाका, जा, बसा, परत या. सायकल तोवर गंजून गेली होती. 'पंच झालो आणि पंचाईत झाली', असं ते म्हणायचे. पंचायतीची पंचाईत मराठीने फार पूर्वीच करून ठेवली आहे, हे मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी कोश चाळताना कळलं. पाच शहाणी माणसं एकत्र बसली की अडचण उभी राहते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव भाषेने एका अक्षरात बसवला. आणि तीच भाषा 'पाचामुखी परमेश्वर' असंही म्हणते.

काकांच्या हातातला पंच लॅटिनच्या घरातला. तिथे टोचणं या अर्थाचा एक धातू आहे. पंक्चर त्यातूनच आलं, पॉइंट त्यातूनच, आणि विरामचिन्हांना इंग्रजीत पंक्चुएशन म्हणतात तेही त्याच खानदानातलं. म्हणजे टायरचा खिळा आणि वाक्याचा पूर्णविराम भाऊ-भाऊ. ठोसा हा अर्थ मागून आला. आधी होतं ते टोकदार काठीने डिवचणं. अमेरिकेत गुराख्याला काउपंचर म्हणतात ते याच हिशेबाने. तो गाईंना ठोसे मारत नाही, काठीने ढोसतो. हे वाक्य लिहिताना मी स्वतःशीच हसले. ढोसणं! काठीने ढोसणं आणि दारू ढोसणं. इंग्रजीच्या एका पंचात टोचणी आणि दारू कशी एकत्र नांदतात याचं आपण आश्चर्य करत बसतो, आणि आपल्या घरात तोच संसार सुखाने चाललेला असतो.

आता दारूकडे यायला हरकत नाही.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य १६७३ साली मुंबईत उतरला. पुढे जुन्नरला मुघल अधिकाऱ्याकडे औषधोपचारासाठी जाऊन आला, शिवनेरी पाहिला, गोव्याकडे हिंडला, आणि १६९८ साली त्याने या सगळ्याचं पुस्तक छापलं. त्यात तो सांगतो की या किनाऱ्यावरचे इंग्रज नेरूळची उत्तम अर्राक घेऊन एक पेय करतात, ते माणसाला गळाठून टाकतं, आणि त्याचं नाव 'पाँच'. कारण त्यात पाच जिन्नस असतात. हे नेरूळ म्हणजे आपलं नवी मुंबईतलं नव्हे, गोव्यातलं. दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला, असे ते पाच जिन्नस पुढे सगळीकडे सांगितले जाऊ लागले. खलाशांनी ते लंडनला नेलं. तिथे त्यासाठी चांदीची मोठमोठी भांडी घडली आणि पंच हा साहेबाच्या मेजवानीचा मानकरी झाला.

भाषापंडितांना मात्र ही गोष्ट इतकी सरळ असणं मानवत नाही. हा शब्द १६३२ च्या एका पत्रात आढळतो, तोही कंपनीच्याच माणसाच्या, पण त्याला पाचाचा काही पत्ता नाही. मग कुणी म्हणतं, दारूच्या थोरल्या पिंपाला इंग्रजीत पंचन म्हणत, त्याचंच हे खलाशी लघुरूप. कुणी उच्चाराकडे बोट दाखवतं: त्या काळचा इंग्रज हा शब्द पुंचकडे झुकवून म्हणत असणार, मग त्याचा मूळ पंच कसा? आणि सगळ्यांत मोठा आक्षेप आकड्यांचा. मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेत होता. त्याने नोंदवलेल्या पेयात दारू, गुलाबपाणी, लिंबू आणि साखर, एवढंच. चारच. मग पाच कुठले?

या शेवटच्या आक्षेपाचं मला मनापासून हसू येतं. ही विद्वान मंडळी कधी मराठी लग्नाच्या पंगतीला बसलेली दिसत नाहीत. पानात डावीकडे, चटणी-कोशिंबिरीच्या शेजारी, चमचाभर पंचामृत असतं. देवाचं नव्हे, जेवणातलं. देवाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर असा हिशेब चोख. पण पानातलं? चिंच, गूळ, हिरवी मिरची, तिळाचं कूट, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, गोडा मसाला, वर हिंग-मोहरी-मेथीची फोडणी. माझी मावशी त्यात काजूही घालायची आणि माझी आई त्याबद्दल तिला शेवटपर्यंत बोलत राहिली. मी आईच्या बाजूची आहे. काजू चिंचेत फुगून मऊ पडतात आणि दाताखाली काही येत नाही. पण काजूवरून भांडण झालं तरी 'यात पाचाहून जास्त जिन्नस कसे?' हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढला नाही. पाचपंचवीस माणसं येतात म्हणजे नेमकी किती येतात? पंचपक्वान्नांचं जेवण झालं म्हणून कुणी वाट्या मोजतं का? आपल्याकडे पाच म्हणजे भरलेलं ताट, कमी काही नाही एवढंच. चार जिन्नसांच्या पेयाला सुरतेच्या धक्क्यावर कुणी पंच म्हटलं असेल तर मला त्यात अडचण दिसत नाही.

शिवाय पाच हा आकडा हाताला चिकटलेला आहे. फारसीतल्या पंज-पासून पंजा आला. इंग्रजीतली बोटं आणि मूठ या दोघांचीही नावं याच जुन्या पाचापासून निघाली असावीत असा काही अभ्यासकांचा कयास आहे. तो खरा असेल तर मुठीचा ठोसा आणि पंगतीचं पंचामृत यांची कुठेतरी, काही हजार वर्षांपलीकडे, गाठ पडते. क्रीडापानावरच्या त्या ओळीची बाजू मी एवढी का घेते आहे, माझं मलाच कळत नाही.

इंग्रजीत आणखी एक पंच आहे, नाक वाकडं असलेला. नेपल्सच्या नाटकांतला पुल्चिनेल्ला. कोंबडीच्या पिल्लाला इटालियनमध्ये जे म्हणतात त्यावरून त्याचं नाव पडलं असं सांगतात, कारण नाक चोचीसारखं. १६६२ च्या मे महिन्यात सॅम्युएल पेप्सने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा कळसूत्री खेळ पाहिला आणि रोजनिशीत टिपून ठेवलं. मग त्याचं नाव आखूड होऊन पंच झालं, तो पोट सुटलेला, बायकोला बडवणारा, फाशी देणाऱ्यालाच फासावर चढवणारा झाला. मला तो आवडत नाही. पण त्याच्या नावाने १८४१ साली निघालेलं साप्ताहिक आवडतं, निदान त्याच्या जन्माच्या वेळचा विनोद आवडतो. संपादकांपैकी एकाचं आडनाव लेमन होतं, म्हणून कुणीतरी म्हणालं की लिंबाशिवाय पंच कसला. एका वाक्यात बाहुला आणि पेला दोन्ही. त्या साप्ताहिकाची कीर्ती एवढी की लखनौत 'अवध पंच' निघाला, मुंबईत 'हिंदी पंच', ठाण्यात मराठी 'हिंदुपंच'. तेव्हाच्या मराठी वाचकाने हे नाव वाचून काय समजलं असेल? इटालियन विदूषक नक्कीच नाही. न्यायनिवाडा करणारे पाच जणच डोळ्यांपुढे आले असतील, आणि ते बिचारे विनोद करत होते.

या सगळ्या पंचांत माझा सर्वांत लाडका माणूस मात्र बंगालचा. छपाईचा खिळा ओतायचा तर आधी पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरावं लागतं, तोही पंचच. ती कांडी तांब्यात ठोकायची, तांब्यातल्या ठशात शिसं ओतायचं, तेव्हा खिळा तयार. चार्ल्स विल्किन्सबरोबर १७७८ च्या सुमारास बंगाली खिळ्यांचं काम करणारा आणि पुढे श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यात नागरी अक्षरं कोरणारा लोहार होता पंचानन कर्मकार. पंचानन म्हणजे पाच तोंडांचा शंकर. पंचाननाने पंच कोरले. केरीचं मराठीचं व्याकरण १८०५ साली त्याच छापखान्यात छापलं गेलं. आपली अक्षरं उलटी कोरणाऱ्या त्या माणसाला मराठी येत नसणार. लोखंडात वळण कोरताना त्याला ते वाचता येण्याची गरज नव्हती. हात वाचत होता. कंडक्टरकाकांचंही तसंच होतं. घाटात अंधार पडला तरी त्यांचं भोक टप्प्याचा आकडा चुकलं नाही.

मागच्या एप्रिलमध्ये गोव्यात होते तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून नेरूळला गेले. फ्रायरची नारळाच्या माडाची अर्राक काही मिळाली नाही. दिवस उर्राकचे होते, काजूच्या पहिल्या धारेचे. रस्त्याकडेच्या छोट्याशा दुकानात म्हाताऱ्या मालकाने ग्लास पुढे ठेवला. उर्राक ओतली. लिंबू पिळलं. मीठ टाकलं. मिरची मधोमध चिरून आत सोडली. वरून लिम्का. मी टेबलाखाली बोटं दुमडत होते. उर्राक, लिंबू, मीठ, मिरची, लिम्का. माझी मूठ मिटली.

'याला काय म्हणतात?' मी विचारलं.

'उर्राक', तो म्हणाला. मी काहीतरी वेडगळ विचारलं असावं अशा नजरेने त्याने पाहिलं, आणि मग मागे वळून विचारलं, 'बर्फ घालूं?'