धाप

रायपूरच्या तात्यापारा भागातील एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या घरी 1986 साली घेतलेली लूना 2009 सालच्या पावसाळ्यापर्यंत रोजच्या वापरात होती. लूना म्हणजे खरे तर मोटार बसविलेली सायकलच. तिला पेडल असतात, गिअर नसतो, आणि इंजिन जेमतेम पन्नास सीसीचे. इटलीतील पियाज्जो कंपनीच्या 'चाओ' या वाहनाच्या धर्तीवर पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली ती बाजारात आणली. गुरुजींना या इतिहासात रस नव्हता. घरात एक तरी वस्तू पुण्याची आहे, एवढाच त्यांचा अभिमान. त्यांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे आले, आणि पुण्याशी घराण्याचा संबंध त्यानंतर पंचांगापुरताच उरला होता.

त्या वर्षी लूनाचा जोर कमी होऊ लागला. सुरू होण्यास ती कुरकुर करीत नसे, उभ्या जागी मंद गतीने नीट चालत असे. परंतु मूठ पिळली की आवाज घोगरा होई आणि वेग मात्र वाढत नसे. बाईंना मागे बसवून रेल्वेपुलाचा चढ चढताना गुरुजींना पेडल मारावे लागले, तेव्हा त्यांनी निदान करून टाकले : गाडी म्हातारी झाली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असणार.

एकदा हा शब्द ठरला, की उपचारही त्याच शब्दाच्या मागून येतात. म्हाताऱ्या माणसाच्या सांध्यांना तेल लावावे, त्याला तूप जास्त वाढावे, तशी गुरुजींनी पेट्रोलमधील तेलाची मात्रा वाढविली. लिटरला चाळीस मिलिलिटर तेल ते इतकी वर्षे घालीत आले होते. आता साठ, पुढे सत्तर. लूना अधिकच मंदावली, धूर वाढला, आणि त्यावरून गुरुजींचा आपल्या निदानावरील विश्वास दृढ झाला. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला आपली चूक ही आपल्या मताचा पुरावा वाटू लागते, हे काही नवल नव्हे.

प्रश्न केवळ एका गाडीचा नव्हता. लूनाचे उत्पादन थांबून काही वर्षे झाली होती. सिलिंडर-पिस्टनचा जोड मिळण्याची आशा नव्हती. बाईंचे गुडघे दुखत. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात जायचे तर स्कूटरच्या उंच सीटवर चढणे त्यांना जमत नसे. लूनाच्या ठेंगण्या सीटवर मात्र त्या सहज बसत. गाडी गेली तर बाईंचे बाहेर पडणे संपले, हे घरात दोघांनाही ठाऊक होते आणि कोणीही ते बोलून दाखवीत नव्हते. कबाडीवाल्याला पुढच्या रविवारी बोलावले होते.

शनिवारी गुरुजी जुन्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गेले, ते दुरुस्तीसाठी नव्हे, लोखंडाचा भाव विचारण्यासाठी. मिस्त्रीने भाव सांगितला नाही. त्याने गाडी स्टँडवर चढविली आणि पेडल हाताने सावकाश फिरविले. ठरावीक जागी पेडल अडले, जोर लावल्यावर पुढे गेले. रिंगा झिजल्या असत्या तर ही अडण सैल लागली असती. मग त्याने पेट्रोलची नळी काढून धार पाहिली, टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र फुंकले, हवेची जाळी झटकली. तिच्यातून भातगिरण्यांच्या या गावाची नेहमीची कोंड्याची धूळ निघाली, पण फार नाही. प्लग काळा आणि तेलकट होता. तो पुसून परत बसविला, आणि शेवटी सायलेन्सरचे नट सैल करून मूठ पिळली. सगळी गल्ली दणाणली. गुरुजींनी कान झाकले.

"बुढ़ाय नइ हे, गुरुजी," तो छत्तीसगढीत म्हणाला. "एकर साँस रुके हे."

या इंजिनाची रचना ध्यानात घेतली म्हणजे त्याचे म्हणणे किती नेमके होते ते कळते. मोटारीच्या इंजिनात जळका वायू बाहेर जाणे आणि ताजे मिश्रण आत येणे या दोन क्रिया वेगवेगळ्या फेऱ्यांत, वेगवेगळ्या झडपांनी होतात. लूनाच्या दोन ठोक्यांच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच छिद्रे असतात आणि जळके जाणे व ताजे येणे जवळजवळ एकाच क्षणी घडते. जाणारे अडले की येणाऱ्याला जागा उरत नाही. पेट्रोलबरोबर जळणारे तेल पूर्ण जळत नाही; त्याचा कोळसा बाहेरच्या छिद्राशी आणि सायलेन्सरच्या आत थरांनी साचतो. गुरुजी महिनोन्महिने रोग्याला रोगच पाजीत होते. शिवाय तेल वाढले की तेवढ्याच मापात पेट्रोल कमी पडते, ही आणखी एक गंमत.

या गावाला भाषांतर नवे नाही. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे येथेच राहिले आणि 1926 साली येथेच वारले. परंतु मिस्त्रीच्या दुकानात शब्द एका भाषेतून दुसरीत जातो आणि त्याबरोबर रोगाची जागाही बदलते, याची नोंद कोण ठेवतो? 'म्हातारी' या शब्दाने गुरुजींची नजर पिस्टनवर खिळविली होती. 'साँस' म्हणताच मिस्त्रीचा हात सायलेन्सरकडे गेला.

सायलेन्सर आगीत तापवून ठोकला, तेव्हा काळ्या खपल्यांचा ढीग पडला. सिलिंडरचे छिद्र मिस्त्रीने लाकडाच्या चपट्या काडीने खरवडले. लोखंडी हत्यार पिस्टनला ओरखडा पाडते. संध्याकाळी लूना पेडल न मारता पूल चढली.

घरी आल्यावर गुरुजींनी ती 'साँस' मोठ्या कौतुकाने बाईंना सांगितली. बाई तांदूळ निवडीत होत्या.

"अहो, दिवाळीच्या आधीपासून सांगतेय ना मी," त्या म्हणाल्या, "की तिला धाप लागलीय म्हणून?"

गुरुजींनी तेलाचे माप शोधले, चाळिसाच्या रेघेवर लाल रंगाची खूण केली, आणि कबाडीवाल्याला येऊ नको म्हणून सांगायला खाली गेले.