लॅमिंग्टन रोडवरचा एक जुमा

ग्रँट रोडला फास्ट लोकल थांबत नाही. दादरहून स्लो पकडावी लागते. स्टेशनच्या पूर्वेला उतरले की पाच-सात मिनिटांत माणूस दोन अशा रस्त्यांच्या चौकात येतो, ज्यांची सरकारी नावे टॅक्सीवाल्यालाही चटकन आठवत नाहीत. ग्रँट रोड म्हणजे मौलाना शौकत अली रोड. खिलाफत चळवळीतल्या अलीबंधूंपैकी थोरल्या भावाचे नाव त्या पाटीवर आहे. त्याला आडवा जाणारा लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांना जाऊन शंभरावर वर्षे झाली, तरी लोक त्यांचे नाव सोडायला तयार नाहीत.

आपल्या आई-वडिलांच्या पिढीला हा भाग आठवतो तो सिनेमाच्या थिएटरांमुळे. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ ही सगळी इथलीच. १९७५ साली लागलेला ‘शोले’ मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक चालला. त्याच रस्त्यावर रेडिओचे सुटे भाग, वाल्व्ह, ट्रान्झिस्टर, वायरी विकणारी दुकाने होती. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले. ते गेले, व्हीसीआर आले. आणि मग संगणक. दुकानांची रुंदी मात्र तेवढीच राहिली. एका गाळ्यात तीन काउंटर, मागे पोटमाळा आणि पायऱ्यांवर रिकामी खोकी. दुकानदार कच्छी, गुजराती, सिंधी, बोहरी, आणि काउंटरवरची पोरे भायखळा, मदनपुरा, कुर्ला, मुंब्रा इथली.

जानेवारीत चिपळूणहून माझा भाचा कोकणकन्येने आला, तो याच रस्त्यासाठी. डिप्लोमाचे दुसरे वर्ष, विषय संगणकाचा. त्याला ‘गेमिंग पीसी’ बांधायचा होता. बांधायचा म्हणजे तयार डबा आणायचा नाही. एकेक भाग निवडून घ्यायचा आणि जुळवायचा. आपाला त्यातला ‘गेमिंग’ हा शब्दच खटकला होता. “अभ्यासाला पाहिजे म्हणतो नि नाव बघ काय!” असे ती फोनवर म्हणाली. भाऊजी कुवेतला आहेत. त्यांनी ओव्हरटाइमचे पन्नास हजार पाठवले आणि दोनच अटी घातल्या: हप्त्यावर काही घ्यायचे नाही, आणि प्रत्येक वस्तूचा हिशेब ठेवायचा.

आपाच्या शंकेबद्दल इथेच सांगून टाकतो. खेळासाठी चांगला असलेला संगणक व्हिडिओ एडिटिंगला, थ्री-डी चित्रांना आणि प्रोग्रॅमिंगलाही चांगला असतो, कारण भाग तेच लागतात. पोरगा त्यावर काय करतो हा घरातल्या शिस्तीचा प्रश्न आहे, प्रोसेसरचा नाही. मशीन कुठे ठेवायची एवढे आपाने आधीच ठरवून टाकले: माजघरात, दाराकडे पडदा करून. मला ते पटले.

यादी भाच्याने वहीत लिहून आणली होती. घरी ऑफिसातून निघालेला एक फुल एचडी मॉनिटर होता, त्यामुळे तो खर्च नव्हता. आणि खरे तर सगळी निवड त्या मॉनिटरपासूनच सुरू होते. पडदा फुल एचडी असेल तर त्याहून मोठ्या पडद्यासाठी बनवलेल्या महागड्या ग्राफिक्स कार्डाचा उपयोग काय? दुकानात शिरणारे बहुतेक जण उलट्या बाजूने निघतात. आधी कार्डाचे नाव घेतात आणि मग खिशात हात घालतात.

पहिल्याच दुकानात आम्हाला ‘पॅकेज’ दाखवले. काचेची केबिनेट, आत सहा पंखे, प्रत्येकात इंद्रधनुष्य. किंमत बरोबर पन्नास हजार. दिसायला लग्नाच्या मांडवासारखे. भाच्याचे डोळे चमकले, पण त्याने एक शहाणा प्रश्न विचारला: “यात पॉवर सप्लाय कोणता?” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सहाशे वॅटचा आहे, चांगला आहे.” कंपनीचे नाव काही सांगेना.

पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज मशीनला झेपेल अशी करून देणारा डबा. तो केबिनेटच्या तळाशी, अंधारात असतो. म्हणून पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री तिथेच लागते. स्वस्तातल्या डब्यावर लिहिलेले वॅट आणि त्यातून प्रत्यक्ष मिळणारे वॅट यांचा मेळ नसतो, आणि तो बिघडला तर एकटा जात नाही. बोर्ड, कार्ड, डिस्क यांना सोबत घेऊन जाऊ शकतो. कोकणात तर पावसाळ्यात दिवसातून चार वेळा लाइट जाते आणि येताना झटका देत येते. आम्ही ८० प्लस ब्रॉन्झ मानांकनाचा, नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय घेतला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. हातात घेतला तर पॅकेजवाल्यापेक्षा चांगलाच जड. वजन हा काही पुरावा नव्हे, पण आतले तांबे आणि लोखंड कुठेतरी जाणवतेच.

प्रोसेसरसाठी तीन नावे होती. इंटेलचा कोअर आय-३ १२१००एफ: चार कोअर, स्वस्त आणि खेळाला पुरेसा. एएमडीचा रायझन ५ ५६००: सहा कोअर, बारा थ्रेड. आणि ५६००जी, ज्यात ग्राफिक्सची सोय प्रोसेसरमध्येच असते. ज्यांचे बजेट पंचवीस-तीस हजारांपुढे जात नाही त्यांनी हा ‘जी’ घ्यावा, साधे खेळ खेळावेत आणि कार्ड पुढच्या वर्षी बसवावे, असे माझे मत आहे. ‘एफ’वाल्या इंटेलमध्ये आणि साध्या ५६००मध्ये ग्राफिक्स नसते, कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच येत नाही. गावाकडे पार्सलने भाग मागवणाऱ्यांनी एवढे एक अक्षर तरी नीट वाचावे.

दुकानदाराचा आग्रह नव्या एएम-५ बोर्डाचा होता. नवे ते चांगलेच, पण त्याला डीडीआर-५ रॅम लागते, आणि रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून भडकलेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप हवी, कारखान्यांचा माल तिकडे वळतो, आणि त्याची झळ चिपळूणच्या पोराला लॅमिंग्टन रोडवर लागते. दुकानांत रॅमचा भाव विचारला की उत्तर यायचे, “आजचा सांगतो, उद्याचा नाही.” भाच्याने एक युक्ती केली होती. चुलतभावाच्या बंद पडलेल्या संगणकातली आठ जीबीची डीडीआर-४ पट्टी त्याने रुमालात गुंडाळून आणली होती. तिच्यासाठी एएम-४ बोर्डच हवा होता. त्याच वेगाची दुसरी आठ जीबीची पट्टी घेतली की सोळा जीबी होतात, आणि दोन पट्ट्या जोडीने चालल्या तर एका मोठ्या पट्टीपेक्षा काम वेगाने होते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांचे जमेलच असे नाही, म्हणून दुकानातच लावून पाहायचे ठरले.

बोर्ड बी-४५० जातीचा. हे बोर्ड ५६००पेक्षा जुने. त्यामुळे काहींना बायोस, म्हणजे बोर्डातली मूळ आज्ञावली, नवी केल्याशिवाय हा प्रोसेसर ओळखता येत नाही. दुकानदाराने ती पंधरा मिनिटांत करून दिली. पुढे पैसे जमले तर याच बोर्डावर आठ कोअरचा प्रोसेसरही बसतो.

बिलाच्या वेळी तो प्रश्न आला, जो या बाजारात येतोच. “कच्चं चालेल का? पक्क्या बिलात अठरा टक्के जीएसटी आहे.” भाच्याने माझ्याकडे पाहिले. पक्के बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी आपली बाजू लंगडी पडते, हा व्यवहार झाला. पण मुद्दा तेवढाच नाही. जो कर आपण द्यायचा, तो बुडवून वाचवलेले पैसे भाऊजींच्या ओव्हरटाइमच्या पैशांत कसे मिसळायचे? पोराने स्वतःच सांगितले, “पक्कंच द्या.” दुकानदाराने खांदे उडवले, बिल केले आणि केबलचे एक बंडल वर टाकले. ‘नो-कॉस्ट’ हप्त्याचाही कागद पुढे आला होता. त्यात व्याज नाही असे छापलेले असते, पण बऱ्याचदा प्रोसेसिंग फी लागते आणि रोखीवर मिळणारी सूट जाते. व्याज नाव बदलून येते, एवढेच. आम्ही तो कागद परत दिला.

राहिले ग्राफिक्स कार्ड. खेळाच्या संगणकात बजेटचा सर्वात मोठा वाटा त्याचाच. यादीत आठ जीबीचे आरएक्स ६६०० होते. फुल एचडीला ते चांगले पुरते आणि १३२ वॅटवर भागते, म्हणजे ५५० वॅटचा सप्लाय आरामात ओढतो. नवे घेतले तर उरलेल्या पैशांत बसत नव्हते. म्हणून जुन्या कार्डांच्या गाळ्याकडे वळलो, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याने.

जुन्या कार्डांबद्दल सावध राहावे लागते. इथेरियम नावाचे डिजिटल चलन २०२२च्या सप्टेंबरपर्यंत ग्राफिक्स कार्डांवर ‘खणले’ जायचे. खोल्याच्या खोल्या भरून कार्डे रात्रंदिवस चालायची. ती पद्धत बंद झाली तशी ही दमलेली कार्डे बाजारात आली, पुसून-पासून, नव्या खोक्यांत.

गाळ्यात एक म्हातारे कच्छी काका होते. त्यांनी दोन कार्डे काढली, दोन्ही ६६००. भाच्याने स्वस्ताला हात लावला, तोच ते म्हणाले, “हे मायनिंगमधून आलंय. मी पंखे बदललेत, आतली पेस्ट बदललीय. चालेल. पण किती दिवस, ते मला माहीत नाही.” दुसरे अडीच हजारांनी महाग, एका विद्यार्थ्याने विकलेले, मूळ बिलासह, कंपनीची वॉरंटी वर्षभर बाकी. त्यांनी काहीच सांगितले नसते तर आम्हाला कळायला मार्ग नव्हता. दोन्ही कार्डे सारखीच चकाकत होती.

मला ती हदीस आठवली, जी आपण लहानपणी मकतबमध्ये ऐकतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आतले धान्य ओले लागते. विकणारा पावसाचे कारण सांगतो, तेव्हा ते विचारतात की मग ओले वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसेल असे. काकांना ही हदीस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी ओले वर ठेवले होते, एवढे खरे.

एक वाजत आला होता. जुम्याची वेळ. काका म्हणाले, “तुम्ही नमाज पढून या. तोवर हे महागवालं टेस्टला लावून ठेवतो. तासभर पूर्ण जोर दिला की कार्ड खरं बोलतं.” मशिदीत सफा रस्त्यापर्यंत आल्या होत्या. दुकानांतली पोरे खिशात स्क्रू-ड्रायव्हर तसाच ठेवून उभी. शेजारच्या गाळेवाल्याने दोघांची काउंटरे सांभाळली होती.

परत आलो तेव्हा कार्ड चालूच होते. तापमान सत्तरच्या आत, पंख्याचा आवाज एकसारखा, पडद्यावर ठिपके नाहीत की रेघा नाहीत. बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर भाच्याने स्वतः ताडून पाहिला. पैसे मोजून दिले. काकांनी घासाघीस करू दिली नाही. फक्त सात दिवसांत काही वाटले तर परत आणा, असे पावतीवर लिहून दिले.

जुळवणी पहिल्या दुकानात न करता बोर्ड घेतला तिथेच केली. तीनशे रुपये मजुरी; पण भाच्याने स्क्रू स्वतः पिळले आणि कारागिराने फक्त बघितले. जाळीच्या तोंडाची साधी काळी केबिनेट, दोन पंखे, दिवे नाहीत. पाचशे जीबीची एनव्हीएमई डिस्क बोर्डावरच बसली, डाकतिकिटासारखी चपटी. बटण दाबले. काही सेकंद पडदा काळाच. मग दोन्ही पट्ट्या धरून सोळा जीबी दिसले, आणि भाच्याने “अल्हमदुलिल्लाह” म्हणून इतका मोठा श्वास सोडला की कारागीर हसला.

एकोणचाळीसशे रुपये उरले. भाच्याने त्यातून गेमिंगचा माउस घ्यायचा असे आठवडाभर ठरवले होते. साधा माउस आणि कीबोर्ड घेऊन झाल्यावर त्याने वेबकॅम दाखवायला सांगितला. अब्बांना मोबाइलच्या पडद्यावर आजीचा चेहरा नीट दिसत नाही, म्हणाला. उरलेले पैसे यूपीएससाठी ठेवले. तो चिपळूणलाच घ्यायचा, कारण त्याची बॅटरी जड असते आणि वॉरंटीसाठी दुकान गावात असलेले बरे.

सामान नेण्याआधी कारागिराने एक गोष्ट सांगितली: प्रवासात ग्राफिक्स कार्ड बोर्डावर ठेवायचे नाही. गाडीच्या हादऱ्याने त्याच्या वजनाचा ताण बोर्डावरच्या खाचेवर येतो. मग कार्ड काढून परत त्याच्या खोक्यात घातले. नागपाड्याला सरवीत सीख कबाब खाताना ते खोके भाच्याच्या मांडीवर होते. जेवता जेवता त्याने बिलांचे फोटो काढून कुवेतला पाठवले, प्रत्येकावर किंमत लिहून. भाऊजींची ड्यूटी सुटायची होती. उत्तर रात्री आले, आम्ही सीएसएमटीवर कोकणकन्येच्या डब्यात केबिनेट खिडकीशी टेकवून बसलो होतो तेव्हा: “कॅमेरा कुठल्या खोलीत लावणार? आजीला उजेडात बसव.”