पंचवीस किलोमीटरचा पूल

दिवाळीच्या सुट्टीत भाईजानकडे खोबरला गेले होते. एका गुरुवारी असरनंतर आम्ही गाडीने बहरैनला निघालो. किंग फहद पुलाच्या दोन्ही बाजूंना फिकट हिरवं, उथळ पाणी. सौदी अरेबिया आणि बहरैनला जोडणारा हा 25 किलोमीटरचा पूल 1986 साली खुला झाला. मध्ये भराव घालून केलेल्या बेटावर मशीद आहे आणि पासपोर्ट तपासणीच्या रांगा. आमची रांग हलता हलेना.

रांगेत बसून मला मामू आठवले. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा घुसल्या तेव्हा ते कुवेतमध्ये होते. एका पिशवीनिशी बसरा, बगदाद करत अम्मानला पोहोचले, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. असे लाख-दीड लाखांवर हिंदी लोक परतले. आमच्या कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांत ती आठवण अजून ताजी आहे. मामू अजून विचारतात, "शेजारी एवढे श्रीमंत, मग एका दिवसात देश गेला कसा?"

शेजारी एकत्र आले नव्हते असं नाही. सहा आखाती देशांची परिषद 1981 साली झाली, 1984 मध्ये 'जझीरा कवच' ही सामायिक फौजही उभी राहिली. पण ती लहान होती. कुवेत सुटलं ते अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या बाहेरच्या फौजांमुळे. 2000 साली याच बहरैनच्या मनामा शहरात करार झाला की एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा. पुढे 2011 मध्ये सौदी फौजा या पुलावरून गेल्या खऱ्या, पण परक्या शत्रूशी लढायला नव्हे. बहरैनमधल्या निदर्शनांच्या वेळी. मला ते खटकतं. आणि 2017 मध्ये सौदी, अमिराती, बहरैनने कतरशी संबंधच तोडले. कतरची एकुलती एक जमिनीवरची सरहद्द साडेतीन वर्षं बंद! भाऊबंदकी काही कोकणातल्या वाड्यांतच असते असं नाही.

"अबकैकच्या तेलप्रकल्पावर ड्रोन आले ना, तेव्हा आम्ही इथेच होतो," भाभी म्हणाली. ते 2019. अबकैक खोबरपासून तासाभराच्या आत. ड्रोन सरहद्द विचारत नाही. ते ज्याच्या रडारवर आधी दिसेल त्याने शेजाऱ्याला त्याच मिनिटाला कळवायला हवं. त्यासाठी एकमेकांवर विश्वास लागतो, आणि विमानांसारखा तो विकत मिळत नाही. 2025 मध्ये कतरवर जूनमध्ये इराणची क्षेपणास्त्रं पडली, सप्टेंबरमध्ये इस्रायलने दोह्यावर हल्ला केला. त्यानंतर सहाही देशांनी हवाई हद्दीची माहिती एकमेकांना देण्याचं ठरवलं. कुवेत गेलं त्याला तोवर पस्तीस वर्षं झाली होती.

मगरिबची अजान झाली, नमाज बेटावरच पढलो. मनामात पोहोचल्यावर मामूंना फोन लावला. पलीकडून पहिला सवाल आला, "पूल चालू आहे ना गं? परत यायला रस्ता बघून ठेव."