उतू गेलेलं

परवा जिन्यात दूध करपल्याचा वास आला. दूध शेजाऱ्यांचं, गॅस शेजाऱ्यांचा. जबडा मात्र माझा आवळला. खांदे कानांशी जाऊन भिडले. कुणीतरी आता ओरडणार, एवढंच अंगाला माहीत होतं.

ओरडायचे ते अण्णा. एकदा तर करपलेलं पातेलं त्यांनी मोरीत आपटलं होतं. आई उकिडवी बसून ओटा, फरशी, भिंत पुसत राहिली. वर बघितलंच नाही तिने.

निवृत्तीनंतर अण्णा इगतपुरीला, धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस राहून आले. तिथले गोएंका गुरुजी मूळ मंडालेचे व्यापारी. अर्धशिशीपायी मॉर्फीनची इंजेक्शनं घ्यायची वेळ आली, तेव्हा १९५५ साली ते विपश्यना शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल. नुसती डोकेदुखी घालवायची असेल तर इथे येऊ नका, असं त्यांनी आधी बजावलं. सरकारी हिशेबनीस आणि असा रोखठोक; मला हा माणूस आवडतो.

मागाहून मीही जाऊन आले. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास तेवढा बघायचा, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. राग आला की श्वास बिघडतो, कानशिलं तापतात. ते दाबायचं नाही, दुसऱ्यावर ओतायचंही नाही, बघत राहायचं. नाकावरची खाजसुद्धा अशी बघताबघता विरते, हे मी अनुभवलंय.

अण्णा खरोखर निवळले. लग्नकार्यात ‘अण्णा किती शांत झाले हो!’ सुरू झालं. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो काही मी बघत बसत नाही. शिबिरात तासभर न हलता बसण्याला अधिष्ठान म्हणतात. आई मोरीपाशी किती वर्षं बसली होती? तिचं कुणी कौतुक केलं?

पण तिचं ते बसणं साधनेचं होतं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. गिळलेला राग आणि विरलेला राग बाहेरून सारखेच गप्प दिसतात. शेवटी तिलाच विचारलं, तुझा राग जायचा कुठे गं?

‘बोहारणीकडे,’ आई म्हणाली. ‘त्यांचे बरे बरे शर्ट द्यायचे गठ्ठ्यात घालून. शोधत बसायचे बिचारे. ती मोठी परात आहे ना? दोन टेरिकॉटचे गेले तिच्यात.’