अकरावर अडलेला आकडा



दशलक्षण पर्व तोंडावर आलं होतं आणि आमचा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता. त्यात सासूबाईंचा आवाज आहे. त्या पहाटे भक्तामर म्हणत, ते मुलाने कॅसेटवरून उतरवून ठेवलेलं. शिवाय घरातल्या लग्नांचे व्हिडिओ, फोटो. सगळं मिळून १८० जीबी. जुन्याचे पेनड्राइव्ह लावायचे पोर्ट केव्हाच गेलेले, म्हणून तो आणि नवा लॅपटॉप, दोन्ही राउटरला केबलने जोडले आणि कॉपी लावली.

वेग दिसला सेकंदाला ११ एमबी. बी.कॉम.चा हिशेब लगेच झाला: साडेचार तास. आणि कॉम्प्युटर तर तासाभरात तापून बंद पडायचा. पुढच्या वेळी सुरू होईल याचा भरवसा नाही.

सूनबाई घरून ऑफिसचं काम करते. मी तिला सरळ म्हणाले, "तुझ्या मीटिंगा सगळं नेट खातात, म्हणून हे रखडलंय." ती काही बोलली नाही. मुलाने नेटचा प्लॅन वाढवला. महिन्याचा खर्च वाढला, वेग अकराच.

त्या रात्री झोप लागेना. दोन वाजता उठून पुन्हा कॉपी लावली. सगळे झोपलेले, मीटिंग नाही की काही नाही. तरीही अकरा. गर्दीमुळे हळू होणारं काम गर्दी सरली की जलद व्हायला हवं. म्हणजे सूनबाईचा यात काही संबंध नव्हता. प्लॅनचाही नव्हता. घरातल्या दोन कॉम्प्युटरमधली फाइल राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच वळते, घराबाहेर पडतच नाही. स्वयंपाकघरातून देवघरात वाटी न्यायला गल्लीचा रस्ता रुंद करून काय उपयोग?

सकाळी वही घेऊन बसले. जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात, कॉपीचा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा, त्यातून वाटखर्च वजा जाता अकरा-साडेअकरा उरतात. आकडा जुळला! सेटिंगमध्ये पाहिलं, तर लॅपटॉपची जोडणी १०००ची आणि जुन्याची १००ची. वास्तविक तोही १०००चाच.

मग केबलच्या मागे मागे गेले. कपाटाच्या पायाखाली ती चेपलेली. या केबलमध्ये आठ तारा असतात. १०००च्या वेगाला आठही लागतात, १००ला चारच पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली तरी जोडणी बंद पडतेच असं नाही, तक्रार न करता हळू चालत राहते. आणि ते कपाट सरकवलं कोणी? पर्वाच्या साफसफाईत मीच.

नवी केबल सूनबाईनेच आणून दिली. ती लावताच मोठे व्हिडिओ नव्वदच्या वेगाने जाऊ लागले. जुन्या हार्डडिस्कची तेवढीच ताकद. हजारो लहान फोटोंचं फोल्डर आलं की वेग उतरायचा, कारण प्रत्येक फाइल उघडायला-मिटवायला वेगळा वेळ जातो. कॉपी लावून मी सामायिकाला बसले. ४८ मिनिटांनी उठले, तेव्हा शेवटचं फोल्डर चाललं होतं.

क्षमावाणीच्या दिवशी गावभर फोन करून आपण क्षमा मागतो. या वेळी मी तोवर थांबले नाही. स्वयंपाकघरात जाऊन सूनबाईला म्हणाले, "बाई गं, पाणी रोज गाळून घेते, पण तुला बोलताना शब्द गाळायचा राहिला. माझं चुकलं."

ती हसली. "आई, आजींचा आवाज लावा ना," म्हणाली. "मी कधी ऐकलाच नाही."

दोघींनी मिळून ऐकला. प्लॅन दुसऱ्या दिवशी पूर्ववत केला.